उणे तापमानात ट्रेलरचं पाणी चालू ठेवायचंय, बेत तपासून द्या

गारठा_प्रवासी
ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर), अंडरबेली म्हणजे टाक्या-पाइप असलेलं पोट बंदिस्त. चार-पाच दिवस मुक्काम, रात्री पारा उणे १० ते १२ सेल्सिअस, दिवसा शून्याच्या आसपास. वीज मिळेल. पाणी वापरायचंच आहे, त्यामुळे सगळं रिकामं करून अँटिफ्रीझ भरणं नको. बेत असा: होज कायम जोडलेला, रात्री एक नळ बारीक सोडलेला, ग्रे टँकचा (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी) व्हॉल्व्ह उघडा, आणि गॅस वाचवायला फर्नेसऐवजी (ट्रेलरची गॅसवरची गरम हवेची भट्टी) विजेचा हीटर. काही चुकतंय का?

चाकं_आणि_चूल
चारही गोष्टी उलट करा.

सगळ्यात घातक आहे तो विजेचा हीटर. बंदिस्त अंडरबेलीच्या बऱ्याच ट्रेलरमध्ये फर्नेसचा एक डक्ट खाली टाक्यांकडे जातो. हीटरने खोली गरम झाली की थर्मोस्टॅट फर्नेस सुरूच करत नाही. आत तुम्ही आरामात, खाली पाइप गोठलेले. हीटर लावायचाच तर कमी सेटिंगवर, फर्नेस अधूनमधून चालत राहील असा. सिंकखालची कपाटं रात्री उघडी ठेवा.

होज जोडून ठेवू नका. दिवसा फ्रेश टँक (स्वच्छ पाण्याची टाकी) भरा, होज काढून पूर्ण निथळवा, पाणी पंपावर वापरा. कायम जोडायचाच असेल तर हीटेड होज घ्या. पण कॅम्पचा नळ आणि ट्रेलरचा इनलेट (पाणी आत घेण्याचं तोंड) उघड्यावरच राहतो, त्यांना हीट टेप (विजेवर गरम होणारी पट्टी) आणि फोम लागतो.

ग्रे व्हॉल्व्ह उघडा ठेवून नळ सोडला तर ती बारीक धार ड्रेन पाइपात थरावर थर गोठत जाते आणि सकाळी आत बर्फाचा दट्ट्या. ग्रे आणि ब्लॅक (टॉयलेटची), दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी बऱ्यापैकी भरली की एकदम सोडा. पंपावर असताना रात्रभर नळ सोडण्यात तसाही अर्थ नाही: फ्रेश रिकामा, ग्रे भरलेला.

पाना_नंबर_दहा
वरच्याला +१. आता फुटतं कुठे ते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पेक्स (लवचीक प्लास्टिकचा) पाइप तेवढं बहुतेक वेळा सोसतो. तडा जातो तो प्लास्टिक फिटिंग, पंपाचं डोकं, फिल्टरची वाटी, टॉयलेटचा व्हॉल्व्ह आणि नळाच्या कार्ट्रिजला. बर्फ असेतो काहीच गळत नाही, वितळलं की कळतं. म्हणून झोपताना पंपाचा स्विच बंद करा आणि एक नळ क्षणभर उघडून दाब सोडा.

बाहेरचा शॉवर हमखास विसरला जातो. तो पातळ दारामागे, बाहेरच्या भिंतीत असतो. आतून शट-ऑफ असेल तर बंद करून रिकामा करा. लो-पॉइंट ड्रेनची (पाइप रिकामे करायच्या सर्वांत खालच्या नळ्या) पोटाखाली लोंबणारी टोकंही तशीच, त्यांना फोम गुंडाळा.

प्रोब असलेला वायरलेस थर्मामीटर अंडरबेलीत टाका, अलार्म ४ अंशांवर.

गारठा_प्रवासी
धन्यवाद. टाक्यांना हीटिंग पॅड लावू का? आणि गोठलंच तर?

पाना_नंबर_दहा
पॅड लावा, पण ते टाकी सांभाळतात, पाइप नाही. टाकी रिकामी असताना चालू ठेवू नका. ग्रे आणि ब्लॅकमध्ये लिटर-दोन लिटर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, म्हणजे आरव्हीचं (फिरत्या घरांसाठीचं) अँटिफ्रीझ ओता. ते व्हॉल्व्हपाशी साचतं. गाडीच्या रेडिएटरचं एथिलीन ग्लायकॉल विषारी, ते नकोच.

गोठलं तर पंप बंद, नळ उघडा, हेअर ड्रायर नळाकडून मागे नेत शेका. ज्योत लावायची नाही.

चाकं_आणि_चूल
गॅसचं राहिलं. सिलिंडरमध्ये प्रोपेनच हवा. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वाफच धरत नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत धरतो. मिश्र गॅस असेल तर सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असूनही फर्नेस मध्यरात्री विझतो. दोन सिलिंडर आणि आपोआप बदलणारा रेग्युलेटर बरा. फर्नेसचा पंखा १२ व्होल्टवर चालतो, तेव्हा वीज गेली तर बॅटरी रात्र काढेल का तेही बघा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर शून्याखाली चार्ज करू नये, ती आतल्या बाजूला ठेवा.