पावसाळी काच आणि टप: जीपचे, ट्रकचे की रणगाड्याचे?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. माझ्या काकांचे उसगावला गॅरेज होते. खाणींवरच्या ट्रकांच्या दुरुस्तीबरोबरच ते लष्करी लिलावातून फिरत आलेले सुटे भाग वजनावर विकत घेत असत. गॅरेज रिकामे करताना माळ्यावर दोन निराळ्या वस्तू सापडल्या, आणि त्या कोणत्या गाडीच्या आहेत हे मला समजून घ्यायचे आहे.

पहिली वस्तू म्हणजे पोलादी चौकटीत बसवलेल्या दोन एकसारख्या लहान काचा. प्रत्येक काच हातभर रुंद आणि वीतभर उंच असून खाली दोन कान व विंग नट आहेत. दुसरी वस्तू अधिक विचित्र आहे. तिच्यात एकच काच असून तिच्याभोवती जाड कॅनव्हासचा टप शिवलेला आहे, चौकटीवर वायपरची छोटी विजेची मोटर आहे, आणि टपाच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी वाकवून बसवली आहे. ही पट्टी जमिनीवर सपाट टेकत नाही, आणि तिचे कोपरे गोलाई घेतात.

काका सगळ्यालाच ‘जीपची पावसाळी काच’ म्हणत. परंतु मित्राच्या जुन्या जीपवर दोन्ही वस्तू ठेवून पाहिल्या, तर एकही बसत नाही. कॅनव्हासवर बुरशीचे काळे ठिपके आहेत आणि काचेची कड दुधाळ झाली आहे. चवथीपूर्वी सारे धुऊन, नवे कापड शिवून, रंग द्यावा असा विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. देव बरे करो.

उत्तर १ (म्हापसा)

जीपची शक्यता आपण निश्चिंतपणे बाजूला ठेवावी. महायुद्धातील विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन्ही जीपांची समोरची चौकट गाडीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची असते. तिच्या आतल्या चौकटीत दोन तावदाने शेजारी-शेजारी बसवलेली असतात, ही आतली चौकट वरच्या बिजागरीवर बाहेर ढकलता येते, आणि संपूर्ण काच पुढे आडवी करून बॉनेटवरच्या दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवता येते. टप वेगळा असतो; तो दोन कमानींवर ताणून पुढे या चौकटीला अडकवतात. टप चढवलेल्या जीपची उंची पावणेसत्तर इंच असते आणि काच पाडून ती ५२ इंचांपर्यंत खाली आणता येते. अशा व्यवस्थेत टप शिवलेल्या एकट्या काचेला जागाच नाही.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे ‘मिलिटरी जीप’ म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ गाड्या प्रत्यक्षात महिंद्रच्या सीजे-३बी असतात. त्यांचे बॉनेट उंच असल्यामुळे समोरची काच बुटकी असते. मित्राची गाडी यांपैकी कोणती, हे आधी पाहिले पाहिजे, नाहीतर ‘जीपवर बसत नाही’ या निरीक्षणालाच अर्थ उरत नाही. फोर्डची गाडी असेल, तर बोल्टांच्या माथ्यावर वळणदार ‘एफ’ हे अक्षर ठोकलेले दिसेल.

उत्तर २ (पुणे)

आपल्या दोन वस्तू दोन वेगळ्या जगांतल्या आहेत, असे माझे मत आहे.

जोडीच्या लहान काचा बहुधा ब्रिटिश बनावटीच्या पंधरा हंड्रेडवेट (म्हणजे सुमारे पाऊण टन भार नेणाऱ्या) ट्रकच्या असाव्यात. मॉरिस सीएस-८ किंवा बेडफोर्ड एमडब्ल्यू या ट्रकांना युद्धाच्या सुरुवातीच्या काळात पूर्ण विंडशील्ड नव्हते. चालक आणि शेजारी बसणारा सैनिक यांच्यासमोर एकेक सुटी काच असे, तिला ‘एरो-स्क्रीन’ म्हणत, आणि डोक्यावर दुमडता येणारा कॅनव्हासचा टप असे. पुढे पूर्ण काच आली. काचा दोन असणे, खाली कान आणि विंग नट असणे आणि कॅनव्हास मुळीच जोडलेला नसणे, या तिन्ही खुणा या अंदाजाशी जुळतात.

दुसरी वस्तू मात्र मला रणगाड्याच्या चालकाचा पावसाळी टप वाटते. धोका नसेल तेव्हा रणगाड्याचा चालक वरची झडप उघडून, डोके बाहेर काढून गाडी हाकतो, कारण झडप बंद असताना त्याला पेरिस्कोपमधून अगदी थोडेच दिसते. पाऊस किंवा धूळ असली की उघड्या झडपेच्या तोंडावर हा टप बसवत. समोर काच, तिच्यावर वायपर आणि बाजूंनी कॅनव्हास. लढाईत चिलखताच्या संरक्षणासाठी झडप लावावीच लागते, म्हणून टप आधी उतरवला जाई. उतरवलेली वस्तू गाडीपासून दुरावते, आणि अशीच एखाद्या माळ्यावर सापडते.

म्हणून माझा आग्रह असा की काचेकडे कमी आणि खालच्या पट्टीकडे जास्त लक्ष द्यावे. वस्तू गाडीवर जिथे टेकत होती, तिथेच तिची ओळख असते. उदाहरणार्थ, शर्मन रणगाड्याच्या सुरुवातीच्या रूपात पुढचे चिलखत उभ्या रेषेपासून ५६ अंशांनी कललेले होते आणि चालकाच्या झडपा अरुंद होत्या. नंतरच्या रूपात तो कल ४७ अंशांचा झाला आणि झडपा मोठ्या झाल्या. एका झडपेच्या मापाचा टप दुसरीवर बसणार नाही. मोटरवरची पट्टीही वाचावी. महायुद्धातील जीपची वीज ६ व्होल्टची होती, स्टुअर्ट या हलक्या रणगाड्याची १२ व्होल्टची आणि शर्मनची २४ व्होल्टची. व्होल्टेजवरून शेवटचा निर्णय होत नाही, तरी चुकीचे पर्याय गळून पडतात.

उत्तर ३ (डिचोली)

ओळख पटेपर्यंत कृपया काहीही धुऊ नये आणि रंगवू नये, ही हात जोडून विनंती. मी एक जुना टप शिंप्याकडे नमुना म्हणून दिला होता. त्याने मापे घेतली, नवा टप सुरेख शिवला आणि जुने कापड फेकून दिले. आतल्या शिवणीजवळ शाईचा शिक्का होता, तो मी वाचलाही नव्हता. ती हळहळ अजून जात नाही.

बुरशी सावलीत, नाकावर कापड बांधून, मऊ ब्रशने कोरडीच झाडावी. कपड्यांची पावडर किंवा ब्लीच लावल्यास सुती कॅनव्हासचे पाणीरोधक लेपन निघून जाते आणि धागा कमकुवत होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच गुंडाळू नये. आपल्या हवेत आतल्या आत दमटपणा कोंडतो. जुने सुती लुगडे उत्तम. काचेची दुधाळ कड म्हणजे दोन काचांमधल्या पारदर्शक थरात शिरलेला ओलावा होय. तो बरा होत नाही, पण म्हणून काच बदलू नये. कोपऱ्यात कोरलेले उत्पादकाचे नाव, उदाहरणार्थ ट्रिप्लेक्स, हा मोठा पुरावा असतो. चौकटीवर बाणाचे चिन्ह आहे का, तेही पाहावे: साधा रुंद बाण असेल तर ब्रिटिश, ‘सी’ या अक्षरात बाण असेल तर कॅनडाचा माल.

प्रश्नकर्ता (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. मोटरवरची पट्टी रॉकेलने पुसल्यावर ‘२४’ हा आकडा स्पष्ट दिसला. जोडीच्या काचांपैकी एकीच्या कानावर साधा रुंद बाण आहे. दुसरीवर गंजाचा थर आहे, तो मी खरवडलेला नाही. टपाच्या आतल्या शिवणीत शिक्का आहे, पण त्यातील दोनच अक्षरे वाचता येतात.

खालच्या पट्टीचा आकार मी जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापला आहे. तो लांबट चौकोनी आहे, पुढची बाजू सरळ आणि मागचे दोन्ही कोपरे गोलाकार. नगरच्या रणगाडा संग्रहालयात शर्मन आहे, हे ठाऊक होते. दसऱ्यानंतर तिथे जाऊन, परवानगी मिळाली तर हा पुठ्ठा चालकाच्या झडपेवर ठेवून पाहीन. तोपर्यंत टप पडवीत, आजीच्या लुगड्यात गुंडाळून, जमिनीपासून उंच फळीवर ठेवला आहे.