अनुभव धागा : घरात मरण आलं तेव्हा विश्वासाचं काय झालं?

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१मध्ये गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे आधीच गेलेले. केडगावला बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहून रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ला गेल्या. हे आपण नेहमी धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो. त्या मधल्या महिन्यांत त्यांनी देवाला काय काय विचारलं असेल, हे मात्र कोणी बोलत नाही. इथे तेच लिहा. शेवट गोड करायची गरज नाही.

वसईकर
आमच्याकडे मयत झालं की चर्चची घंटा वाजते, माणसं हातातलं काम टाकून येतात, माळेची प्रार्थना सुरू होते. २०२१च्या एप्रिलमध्ये बाबा कोविडने गेले तेव्हा अंगण रिकामं होतं. दहन करावं लागलं. जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले देहासह उठतील, असा आमचा विश्वास. म्हणून आजीचा एकच प्रश्न : "शेवटच्या दिवशी माझा मुलगा उठणार कसा?" कॅथलिक चर्चने १९६३मध्येच दहनाला परवानगी दिली आहे, फक्त अस्थी पवित्र जागी ठेवायच्या, असं फादरनी फोनवर समजावलं. तिला नियम कळला, पण जीव थाऱ्यावर आला नाही. पुढे अस्थी आजोबांच्या कबरीत पुरल्या तेव्हा कुठे ती पोटभर जेवली. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आम्ही फुलं, मेणबत्त्या घेऊन जातो. आजी बाबांना भाताचं पीक कसं आलंय ते सांगते.

नगरची लेक
आम्ही प्रोटेस्टंट. मृतांसाठी प्रार्थना करायची रीत आमच्यात नाही, त्यामुळे आईशी बोलावंसं वाटलं की फार अडायला होतं. तिचं बायबल वाचते. त्यातल्या ईयोबाच्या पुस्तकात, म्हणजे मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेल्या माणसाच्या गोष्टीत, तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" याला एकही नाही. तिसऱ्या अध्यायात, जिथे ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तिथे पानभर. आई कधी बोलली नव्हती.

अनामिका
माझं बाळ गेलं. "देवाला फूल हवं होतं," असं चर्चच्या मंडळीतल्या एकीने सांगितलं. असल्या देवाच्या दारात मला जायचं नाही. पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंची, बायको मात्र यायची, भांडी घासायची, वरणभात लावायची. एक वचन सांगितलं नाही तिने. उपासनेला मी अजून जात नाही. तिच्याकडे जाते.

एक पाळक
अनामिकाताई, त्या फुलाच्या वाक्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. बायबलात ते कुठेही नाही. अंत्यविधीला मी बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचतो. बरेच जण "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" इथे थांबतात. मी पस्तिसाव्या वचनापर्यंत जातो : "येशू रडला." मेलेल्या लाजाराला, आपल्या मित्राला, उठवणार हे ठाऊक असूनही रडला. आणि लाजाराची बहीण मार्था येशूला तोंडावर सांगते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला दटावत नाही. तुम्ही उपासनेला या किंवा येऊ नका, पण तुमचा राग प्रभूला ऐकू जातो असं मी मानतो.

पुणेकर
ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी दफनभूमीत उपासना घेते. यंदा बायकोची कबर समोर होती. "प्रभू उठला" म्हणायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. शेजारच्या काकांनी माझा हात धरला आणि दुप्पट मोठ्याने गायले. पुढच्या वर्षी मला गाता येईल की नाही, सांगता येत नाही. जाणार मात्र नक्की.