मुलीच्या अंगठीसाठी लंबगोल हिरा घ्यायचा आहे. दोन खड्यांमध्ये निर्णय होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यातल्या एका गावात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. येत्या वैशाखात माझ्या थोरल्या मुलीचे लग्न आहे. पाटल्या, पोत, एकदाणी हे सगळे मी आणि तिच्या आत्याने ठरवले आणि तिने त्यात काहीच सुचवले नाही. तिची मागणी एवढीच आहे की माझ्याकडून तिला लंबगोल, म्हणजे सराफ ज्याला ओव्हल म्हणतात, तशा एका हिऱ्याची अंगठी मिळावी आणि ती तिला रोज, परिचारिकेच्या कामावर असतानाही, घालता यावी. पगारातून वर्षभर बाजूला टाकलेले पैसे आणि या हंगामातील धानाचे चुकारे मिळून अर्ध्या कॅरेटचा, म्हणजे पन्नास सेंटचा, एक चांगला खडा घेता येईल असा माझा अंदाज आहे. आमच्याच तालुक्यातील वैरागडला एकेकाळी हिऱ्याच्या खाणी होत्या आणि ऐन-ए-अकबरीत त्यांचा उल्लेख आहे, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. हिरा हातात घेऊन पारखण्याची वेळ मात्र माझ्यावर प्रथमच आली आहे.

मागच्या शनिवारी आम्ही दोघी नागपूरला इतवारीच्या सराफ्यात जाऊन आलो. एका दुकानात दोन खडे पसंत पडले. दोन्ही खाणीतील, दोन्हींना प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र, दोन्हींचे वजन बरोबर पन्नास सेंट आणि रंग व शुद्धताही जवळजवळ सारखीच. पहिल्याची मापे ६.६ गुणिले ४.३ मिलिमीटर आणि खोली २.७ मिलिमीटर अशी लिहिली आहेत, दुसऱ्याची ५.७ गुणिले ४.२ आणि खोली ३.३. पहिला खडा बोटावर ठेवला की बोट लांबसडक दिसते आणि मुलीला तोच आवडला आहे. परंतु दुकानातून बाहेर येऊन पायरीवरच्या सावलीत पाहिला तेव्हा त्याच्या मधोमध आडवी, डमरूच्या आकाराची एक काळसर सावली दिसली आणि खडा कितीही फिरवला तरी ती जाईना. आतल्या दिव्यांखाली ती मला दिसली नव्हती. दुसऱ्यात अशी सावली नाही, पण तो पहिल्यापेक्षा बराच लहान वाटतो, आणि वजन एकच असताना असे का व्हावे हे माझ्या लक्षात येत नाही. दोघांत कोणता घ्यावा? ती सावली हा दोष समजायचा की लंबगोल हिऱ्याचा स्वभावच?

दुसरा प्रश्न एका जुन्या खड्याचा आहे. माझ्या सासूबाईंच्या अंगठीतील लाल, लंबगोल खडा मुलीच्या पेंडंटमध्ये बसवायचा आहे, कारण तिचे आणि आजीचे फार होते. वडशाच्या सोनारांनी तो माणिक असल्याचे सांगितले, नागपुरात एकाने तो तामडा, म्हणजे गार्नेट, ठरवला. अंगठी पन्नास वर्षांहून जुनी असल्यामुळे खडा खोटा असणार नाही, असे आमच्या घरात सगळे धरून चालले आहेत.

एक अनुभव सांगते, म्हणजे मी इतकी साशंक का आहे ते कळेल. काही वर्षांपूर्वी मी पाचूची अंगठी घेतली होती. दिवाळीच्या आधी ती गरम पाण्यात सोडा टाकून धुतली आणि दोनच दिवसांत खडा फिका पडून त्यात पांढऱ्या रेघा उमटल्या. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी माझाच हलगर्जीपणा म्हटले. पावती पुन्हा नीट पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की खड्याचे वजनही सोन्याच्याच भावाने लावले होते. या वेळी असे होऊ नये म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

ताई, मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला असून सुरतेत काही वर्षे हिरे निवडण्याचे काम केले आहे. तुम्ही मापे लिहिलीत हे फार चांगले केले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे.

कॅरेट हे वजन आहे, आकार नव्हे; एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. दुसऱ्या खड्याची खोली ३.३ आणि रुंदी ४.२ मिलिमीटर, म्हणजे खोली रुंदीच्या जवळपास ७९ टक्के झाली. ओव्हलमध्ये ही खोली साधारणपणे साठ ते सदुसष्ट-अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास असलेली बरी. या खड्याचे वजन पोटात गेले आहे, अंगठीत बसवल्यावर ते कोंदणाखाली लपेल आणि जे कधी दिसणार नाही त्याचेही पैसे तुम्ही मोजाल. कच्च्या दगडातून जास्तीत जास्त वजन टिकवण्यासाठी अनेकदा असे पोट ठेवले जाते. कोहिनूरच्या बाबतीत १८५२ मध्ये लंडनला याच्या अगदी उलट घडले होते: पाणी खुलावे म्हणून सुमारे १८६ कॅरेटचा तो हिरा लंबगोल आकारात नव्याने पैलू पाडून १०५.६ कॅरेटवर आणला गेला.

पहिल्या खड्याची खोली ठीक आहे. डमरूची सावली जवळजवळ प्रत्येक ओव्हलमध्ये थोडीफार असतेच. समोरून पाहताना मधल्या काही पैलूंवर आपल्याच डोक्याची सावली पडते आणि तेवढ्या भागातून उजेड परत येत नाही, म्हणून तो भाग काळा दिसतो. खडा किंचित कलता केला की सावली पुसट होऊन तिथे चमक आली पाहिजे; फिरवूनही ती तशीच काळी राहत असेल, तर पैलूंचे कोन चुकले आहेत असे समजावे आणि तो खडा सोडून द्यावा. प्रमाणपत्रात याचा उल्लेख सहसा सापडणार नाही. गोल हिऱ्याला कटची श्रेणी मिळते, ओव्हलच्या कागदावर मात्र बहुतेक वेळा पॉलिश आणि सिमेट्री एवढेच लिहिलेले असते. म्हणून तुम्ही पायरीवर जाऊन पाहिलेत तेच खरे परीक्षण होते. दुकानातील बारीक प्रखर दिव्यांखाली काचही चमकते.

लांबी भागिले रुंदी केले तर पहिला खडा १.५३ भरतो. मला स्वतःला १.३५ ते १.४५ या दरम्यानचे ओव्हल सर्वांत डौलदार वाटतात; त्याहून लांब गेले की सावली वाढण्याचा संभव असतो आणि टोकाकडे पिवळेपणाही जास्त जाणवतो. माझे स्पष्ट मत असे की दोन्ही खडे सोडून द्यावेत आणि ६.१ गुणिले ४.५ मिलिमीटरच्या आसपासचा, २.८ ते २.९ मिलिमीटर खोलीचा खडा मागवावा. वजन तेच पन्नास सेंट राहील. पांढरा कागद मधोमध दुमडून त्या घडीत खडा पालथा ठेवा आणि बाजूने पाहा, म्हणजे रंग कळेल. प्रमाणपत्राचा क्रमांक खड्याच्या कमरेवर, म्हणजे भोवतालच्या बारीक कडेवर, लेझरने कोरलेला असेल, तर तो भिंगाखाली स्वतः वाचून कागदाशी जुळवा.

मुलगी परिचारिका आहे, म्हणजे दिवसभर हातमोजे आणि हात धुणे. उंच नख्यांची अंगठी घेऊ नका, ती हातमोजे फाडेल. चारही बाजूंनी सोन्याची पट्टी असलेले बुटके कोंदण घ्या. हिऱ्यासाठी २२ कॅरेट सोने नरम पडते, १८ कॅरेटच चांगले.

आता लाल खड्याविषयी. तो जुना आहे यावरून तो खाणीतला ठरत नाही. भट्टीत माणिक बनवण्याची व्हर्नुई यांची पद्धत १९०२ मध्येच जाहीर झाली होती आणि तेव्हापासूनच्या दागिन्यांत असे माणिक भरपूर सापडतात. त्यांच्यात भिंगाखाली वक्र रेघा आणि हवेचे बारीक बुडबुडे दिसू शकतात. सराफाकडे नोटा तपासण्याचा निळा दिवा असतो. अंधारात त्याखाली धरल्यावर खडा लाल उजळला तर तो बहुधा माणिक, खाणीतला किंवा भट्टीतला, आणि काळाच राहिला तर तामडा असण्याची शक्यता जास्त. पक्के उत्तर प्रयोगशाळाच देईल. तपासणी होईपर्यंत तो खडा अंगठीत असताना सोनाराला दिव्याची आच लावू देऊ नका.

प्रतिसाद

मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे. वरच्या दादांनी खड्याचे सगळे लिहिले आहे, मी पावतीपुरते लिहिते. पावतीवर एकूण वजन, खड्याचे वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहून मागा आणि सोन्याचा भाव फक्त निव्वळ वजनालाच लावायला सांगा. १८ कॅरेटवर ७५० हा आकडा, बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असलाच पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये दुकानातच टाकून पाहता येतो. कुणी खड्याचे वजन रत्तीत सांगू लागले तर कॅरेटमध्येच लिहायला लावा, कारण सोनाराची रत्ती आणि खडेवाल्यांची रत्ती एक नसते. पाचूबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, ताई. पाचूच्या भेगांमध्ये तेल भरण्याची जुनी रीत आहे आणि गरम पाण्याने ते तेल निघून जाते. हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. या शनिवारी पुन्हा इतवारीला गेले होते. दोन्ही खडे नको म्हणून सांगितले आणि मापे कागदावर लिहूनच नेली. दुकानदारांनी आधी थोडी नाराजी दाखवली, पण मग आतून तीन पुड्या आणल्या. त्यांतील एक ६.० गुणिले ४.४ मिलिमीटर, खोली २.८, वजन अठ्ठेचाळीस सेंट असा निघाला. पायरीच्या सावलीत मुलीने तो तळहातावर बराच वेळ हलवून पाहिला. सावली आहे, पण हात जरा कलला की पुसली जाते आणि तिथे ठिणगी उडाल्यासारखी चमक येते. कमरेवरचा क्रमांक मी भिंगातून तिला एकेक अंक वाचून दाखवला आणि तिने तो प्रमाणपत्राशी ताडून पाहिला. अंगठी १८ कॅरेटमध्ये, बुटक्या कोंदणात करायला दिली आहे.

सासूबाईंचा खडा निळ्या दिव्याखाली लाल उजळला. तो खाणीतला आहे की भट्टीतला हे मुंबईच्या प्रयोगशाळेतून कळेल, पण मुलगी म्हणाली की उत्तर काहीही आले तरी पेंडंट त्याचेच करायचे. आता एवढेच विचारायचे आहे की खडा मुंबईला पाठवण्यासाठी अंगठीतून काढावा लागेल, की जुन्या कोंदणासह तपासता येतो? ते कोंदण सासूबाईंच्या वडिलांनी करून घेतले होते आणि शक्य असेल तर ते मला तसेच ठेवायचे आहे.