सासूबाईंच्या हातचा नैवेद्य घ्यावा की नाही? बायबल नेमकं काय सांगतं, सल्ला हवाय

जुळे_सोलापूर
नमस्कार सगळ्यांना. प्रश्न घरातलाच आहे पण इथे जाणकार मंडळी बरीच आहेत म्हणून विचारते. माझा आणि मिस्टरांचा बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झाली. सासू-सासरे आमच्यासोबतच राहतात, त्यांची सिद्धरामेश्वरांवर श्रद्धा आहे, आणि त्यांनी आम्हाला मंडळीत (चर्चमध्ये) जायला कधी अडवलं नाही हे आधीच सांगते. आता संक्रांत जवळ आली म्हणजे गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धरामेश्वरांची जत्रा आली, भोगीच्या आदल्या दिवसापासूनच घरात गडबड, हुग्गी (गव्हाची गूळ घातलेली खीर) होणार, नैवेद्य दाखवणार आणि मग सासूबाई वाटी घेऊन माझ्याकडे येणार.

मागच्या वर्षी मी ती वाटी घेतली नाही. "नको आई, आमच्यात चालत नाही" एवढंच बोलले, ते पण शेजारच्या काकू दारात उभ्या असताना. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. वाटी ओट्यावर ठेवली, वर ताटली झाकली आणि आत गेल्या. संध्याकाळी मी ताटली उचलून बघितली तर हुग्गीला मुंग्या लागलेल्या. चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या आणि मला वर्षभर ती वाटी डोळ्यासमोरून जात नाही.

फेलोशिपमध्ये विचारलं तर कोणी म्हणतं हात पण लावू नको, कोणी म्हणतं प्रार्थना करून खा काही होत नाही, ग्रुपवर प्रत्येकजण एकेक वचन टाकतो आणि ती वचनं एकमेकांच्या उलटी वाटतात. मला वचनातूनच समजून घ्यायचंय. कुठून वाचू, कोणतं भाषांतर घेऊ, आणि सासूबाईंना कसं सांगू?

निवृत्त_मास्तर
ताई, आधी वाचायचं काय ते सांगतो. १ करिंथ, म्हणजे प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, त्यातले ८, ९ आणि १० हे तीन अध्याय एका बैठकीत वाच, मध्ये उठू नकोस. ग्रुपवर वचनं उलटी वाटतात त्याचं कारण एकजण आठव्यातलं चौथं वचन उचलतो, दुसरा दहाव्यातलं एकविसावं, आणि मधला नववा कोणी वाचतच नाही. बायबल सोसायटीचं जुनं मराठी भाषांतर घे, तिथे आठव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा विषय निघतो, नैवेद्य हाच शब्द आहे, म्हणजे तुझ्या ओट्यावरच्या वाटीचाच प्रश्न. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं शेजारी उघडून ठेव.

आता करिंथ काय होतं ते डोळ्यासमोर आण. पौलाने हे पत्र साधारण इ. स. ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलं. करिंथमध्ये खोदकामात देवळांच्या आवारात जेवणाच्या खोल्या सापडल्यात, अस्क्लेपियसच्या देवळाजवळ आहेत, डेमेटरच्या देवळाकडे तर बऱ्याच आहेत. म्हणजे लोक जेवायला देवळातच जमायचे. अर्पण केलेल्या जनावराचं मांस उरलं तर बाजारात विकायला यायचं. आणि घरी कोणी जेवायला बोलावलं तर ताटात तेच असू शकायचं. विश्वासात नवीन आलेल्या माणसाने नातेवाईक तोडायचे का, बाजारात जायचं बंद करायचं का, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

पौल तिन्ही जागांना वेगवेगळं उत्तर देतो. देवळातल्या मेजावर बसून पूजेत भागी होऊ नका, प्रभूचा प्याला आणि तो प्याला दोन्ही चालणार नाहीत (१०:२१). बाजारात विकतात ते चौकशी न करता खा (१०:२५). आणि कोणी घरी बोलावलं तर समोर वाढलेलं खा, पण कोणी सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे तर खाऊ नका (१०:२७-२८), आणि ते तुझ्या स्वतःसाठी नाही हं, ज्याने सांगितलं त्याच्यासाठी. हे वचन दोनदा वाच.

नववा अध्याय मध्ये का आलाय तेही बघ. तिथे पौल सांगतो की मला मंडळीकडून पोट भरून घ्यायचा हक्क होता, मी तो सोडला. म्हणजे मोकळीक आहे की नाही एवढ्यावर तो थांबत नाही, समोर बसलेल्या माणसाचं काय होईल ते बघून हक्क वापरायचा की सोडायचा ते ठरवतो. "ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते" हे ८:१ मधलं वाक्य सगळ्याच्या आधी येतं ते उगीच नाही.

होटगीरोड_७७
मास्तरांचा मान ठेवून बोलतो, पण ताई, एवढं मोकळं घेऊ नका. प्रेषितांची कृत्ये १५ वाचा. यरुशलेमेत प्रेषित आणि वडीलमंडळी बसली, यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर जास्त ओझं टाकायचं नाही असं ठरलं, तरी ज्या चार गोष्टी ठेवल्या त्यात मूर्तीला अर्पण केलेलं वर्ज्य करा हे आहेच (१५:२९). प्रकटीकरण २ मध्ये पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना प्रभू स्वतः ह्याच गोष्टीवरून रागावतो. मी स्वतः देवीच्या घरातला, लहानपणापासून परडी भरायचो, बाहेर यायला मला किती वर्षं लागली माझं मला माहीत. पहिल्या वर्षी "काय होतंय" म्हणून घरच्यांसोबत बसलो, पुढच्या वर्षी आरतीला उभा राहिलो, तिसऱ्या वर्षी मंडळी सुटली. परत यायला सहा वर्षं गेली. म्हणून सांगतो, घेऊ नका. प्रेमाने सांगा पण घेऊ नका.

निवृत्त_मास्तर
भाऊ, तुमची साक्ष मनापासून मानतो आणि तुमच्यासाठी "घेऊ नका" हेच बरोबर आहे. रोम १४:२३ तेच सांगतं, मनात संशय ठेवून जो खातो तो दोषी ठरतो. थुवतीरा आणि पर्गम मात्र पूर्ण वाचा, तिथे खाण्यासोबत जारकर्म शिकवणारी माणसं आहेत, पूजेतला पूर्ण सहभाग आहे, नुसतं कोणाच्या घरचं ताट नाही. यरुशलेमेचा निर्णयही यहुदी आणि बाकीचे विश्वासणारे एका मेजावर जेवू शकावेत ह्या काळजीतून आलाय असं मी समजतो. ह्यावर जुन्या काळापासून मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, तुमचंही मत वचनातूनच आलंय. ताईने दोन्ही वाचावं.

पूर्वभागातला
आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, आणि सभा मराठीत, त्यामुळे आम्ही शुक्रवारी तिन्ही बायबल उघडून एकेक वचन मोठ्याने वाचतो, एका भाषेत अडलं की दुसरीत उलगडतं. जमलं तर तुम्ही पण मोठ्याने वाचा, पत्र आहे ते, ऐकायलाच लिहिलंय.

मला जे समजलं ते सांगतो. आमच्या सभेत एक भाऊ आहे, यंत्रमागावर कामाला, वर्षभरापूर्वी विश्वासात आला. आधी त्याच्या अंगात यायचं. त्याला नुसता अंगाऱ्याचा वास आला तरी हात थरथरतात, मी शेजारी बसून बघितलंय. त्याच्यासमोर मी असलं काही खात नाही. मला एकट्याला काही वाटत नाही, गूळ तो गूळ, पण त्याने मला खाताना बघितलं आणि तो परत त्या भीतीत गेला तर? ८:१३ मध्ये पौल म्हणतो अन्नामुळे माझा भाऊ अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. मला ते वचन त्या भावाचे हात बघून कळलं, त्याच्याआधी कितीतरी वेळा वाचलं होतं. ताई, तुमच्या घरात असं कोणी आहे का, मुलं, मिस्टर, नवीन कोणी, ते पण बघा.

केडगाव_लाईन
एक गोष्ट जोडते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्याच्यानंतर पण त्या शाकाहारीच राहिल्या आणि तिथल्या सिस्टर्सनी ह्यावरून त्यांना टोकलं, की जुने जातीचे संस्कार सोडत नाहीस. बाईंनी स्वतःचं खाणं बदललं नाही आणि प्रभूलाही सोडलं नाही. पुढे केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ ला त्या गेल्या आणि ते छापून पूर्ण झालं १९२४ ला. रोम १४ मध्ये भाजीपालाच खाणाऱ्याचा उल्लेख आहे तो मी वाचते तेव्हा मला त्याच आठवतात. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, देवाने त्याला जवळ केलंय. फेलोशिपमध्ये हा अध्याय सगळ्यांनी मिळून वाचा असं सुचवेन.

भवानीपेठेतली_सून
मी ख्रिश्चन नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते, चालत नसेल तर काढून टाका. ताई, तुमच्या सासूबाईंनी वाटी आणली ती तुम्हाला परत फिरवायला नाही हो. घरात नैवेद्य झाला की पहिली वाटी घरातल्या माणसाला जाते, त्यात तुम्ही आलात एवढंच. शेजारणीसमोर नाही म्हटलंत ते जास्त लागलं असेल. आणि "आमच्यात" म्हणालात ना, ते पण. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तुमचं त्यांचं एकच "आमच्यात" होतं.

एक व्यवहाराचं सांगते. आमच्यात नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी उष्टं करत नाही, पण बारक्या लेकरांसाठी आधी डब्यात काढून ठेवतातच, त्याला कोणी काही म्हणत नाही. पातेल्यातली हुग्गी नैवेद्याच्या आधी तुमच्यासाठी बाजूला काढायला सांगा. त्यांच्या हातचं पण झालं आणि तुमचं पण राहिलं. पण हे आजच बोला, त्या दिवशी वाटी समोर आल्यावर नाही.

निवृत्त_मास्तर
ह्या सुनेचे आभार. ताई, हे ऐकून मला नामान आठवला, जुन्या करारात २ राजे ५. अरामाचा सेनापती, यार्देनेत सात वेळा बुडी मारून कुष्ठातून बरा झाला, आणि इस्राएलाच्या देवाशिवाय कोणाला अर्पण करणार नाही म्हणून दोन खेचरांच्या ओझ्याएवढी माती मागून घेतली, आपल्या देशात त्या मातीवर उपासना करायची म्हणून. एवढा पक्का माणूस. तरी निघायच्या आधी स्वतःहून अलीशा संदेष्ट्याला सांगतो की माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर रेलून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला ओरडत नाही, परवानगीची चिठ्ठी पण देत नाही, "शांतीने जा" म्हणतो. ह्यावरून देवळात वाकायला हरकत नाही असा अर्थ काढू नकोस, पण अडचण घेऊन आलेल्या नवीन विश्वासणाऱ्याशी देवाचा माणूस कसा बोलला ते बघून ठेव. आणि नामानाने अडचण आधी बोलून दाखवली, हे तुझ्या कामाचं.

सांगताना १ पेत्र ३:१५ आणि १६ धरून चाल, कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं पण सौम्यतेने. आणि दहा आज्ञांमधली आईबापांचा मान राख ही आज्ञा सासूसासऱ्यांना लागू नाही असं मला कुठे दिसत नाही.

होटगीरोड_७७
आधी बाजूला काढून ठेवायचं हे मला पण पटलं. १०:२८ ची अडचणच येत नाही मग. माझ्या घरी हे सुचलं असतं तर बरं झालं असतं, आई होती तोपर्यंत.

जुळे_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लागले लिहायला कारण आधी वाचलं मग बोलले. तीन अध्याय मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवले, नवव्यापाशी ते म्हणाले परत वाच.

काल दुपारी सासूबाई गहू निवडत होत्या तेव्हा शेजारी जाऊन बसले. म्हटलं आई, मागच्या वर्षी काकूंसमोर तसं बोलायला नको होतं, माझं चुकलं. मी प्रभूला मानते म्हणून नैवेद्याचं घेत नाही, पण तुमच्या हातचं नको असं कधीच नव्हतं. त्या सुपातले खडे काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं की. मला वर्षभर वाटलं माझ्या हाताचाच विटाळ वाटायला लागला तुला." मला रडू आलं, त्यांना पण.

डब्याचं सांगितलं तर म्हणाल्या पातेलं मोठं घ्यावं लागेल मग, आणि गूळ तू किस, माझा खांदा दुखतो. हुग्गी दोघींनी मिळून करायची ठरली, देवघरापाशी मी थांबणार नाही हे पण त्यांनी स्वतःच म्हटलं.

मास्तर, एकच राहिलं. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला आजोबांसोबत गड्ड्यावर पाळण्यात बसायला जायचंय. पाठवू का?

निवृत्त_मास्तर
पाठव. पाळण्याचं तिकीट बाजारातल्यासारखंच आहे, १०:२५. देवळात आजोबा जातील तेव्हा ह्याने बाहेर थांबायचं असेल तर कोणासोबत थांबायचं ते आधी ठरवून दे, गर्दी फार असते. स्वेटर घाल.