शब्दचर्चा: सरस-निरस, हिस्सेरशी, समन्यायी

प्रश्न: आमच्या वाटपपत्राच्या मसुद्यात 'सरस-निरस मानाने वाटप' असं लिहिलंय. धाकटे काका म्हणतात, याचा अर्थ समान. मग सरळ 'समान' का नाही लिहिलं? जमीन करवीर तालुक्यातली, थोडी नदीकाठची मळी, थोडी माळावर.

— ताई, समान नव्हे. सरस म्हणजे कसदार, निरस म्हणजे हलकं. दोन भावांचा हिस्सा निम्मा-निम्मा असला तरी क्षेत्र निम्मं-निम्मं असेलच असं नाही. समजा, चार एकर मळी आणि चार एकर माळ आहे. एकाला सगळी मळी नि दुसऱ्याला सगळा माळ दिला तर एकरांचा हिशेब जुळतो, न्याय होत नाही. म्हणून एक तर दोन्हीतले तुकडे दोघांना द्यायचे, नाहीतर माळ घेणाऱ्याला जादा क्षेत्र सोडायचं. विहीर, रस्ता, पाण्याची सोय, सगळं त्या 'माना'त धरतात. पंचगंगेकाठी आणखी एक पेच आहे. मळी कसदार खरी, पण 2019 किंवा 2021 सारखा महापूर आला की पाण्याखाली आधी तीच जाते. मग सरस कुठली? हे सगळ्या हिस्सेदारांनी शिवारात उभं राहून, कागद होण्याआधी ठरवावं. सह्या झाल्यावर त्या शब्दाचा अर्थ ज्याच्या त्याच्या सोयीने लागतो, आणि मग भावकीत पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद होतं.

— याला जोडून 'हिस्सेरशी' घ्या. ज्याचा जेवढा दावा त्या प्रमाणात वाटा. धंदा बुडाला, शिल्लक 2 लाख, धनकोंचे दावे 1, 2 आणि 3 लाखांचे. हिस्सेरशीने साधारण 33 हजार, 67 हजार आणि 1 लाख. आपल्याकडे हीच रीत रास्त वाटते, पण ती एकमेव नाही. ज्यूंच्या तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथात याच प्रमाणातल्या दाव्यांवर दिलेला निवाडा, आपल्या उदाहरणात मांडला तर, 50, 75, 75 हजार असा आहे. तो कशावर बेतलाय हे फार काळ कोडं होतं. 1985 मध्ये ऑमन आणि माश्लर या दोन गणितज्ञांनी उलगडलं. कोणतेही दोघे घ्या: त्यांच्या वाट्याला मिळून जे आलं, त्यातलं ज्यावर तंटाच नाही ते आधी ज्याचं त्याला द्यायचं, तंट्यातलं निम्मं-निम्मं. पहिल्या दोघांना मिळून 125 हजार. 1 लाखवाला वरच्या 25 हजारांवर हक्कच सांगत नाही, ते दुसऱ्याचे. उरलेला 1 लाख अर्धा-अर्धा: पहिल्याला 50, दुसऱ्याला 50 आणि आधीचे 25 मिळून 75. मला ही रीत हिस्सेरशीपेक्षा जास्त पटते, कारण फुगवून केलेला दावा इथे फारसा फळत नाही.

— 'समन्यायी' म्हणजे सगळ्यांना न्याय होईल असं; तेही समान नव्हे. बच्छावत लवादाने कृष्णेचं 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्र 560, कर्नाटक 700, आंध्र 800 असं वाटलं. आधीपासून वापरात असलेल्या पाण्याला त्यात मोठं वजन होतं. राज्याच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर तर 'समन्यायी पाणीवाटप' हे शब्द गावोगावच्या बैठकांत जास्त ऐकू येऊ लागले.

प्रश्न: मग उन्हाळ्यातली उपसाबंदी, म्हणजे नदीतून मोटरीने पाणी उपसायला ठरावीक दिवस असलेली बंदी, कुठल्या रीतीत बसते? सगळ्यांना सारखेच दिवस बंद, म्हणजे समानच ना?

— दिवस समान, तूट समान नाही. 10 एचपीची मोटर आणि 5 एचपीची मोटर तेवढेच दिवस बंद राहिल्या तर मोठ्याचं पाणी दुप्पट बुडतं, आणि उरलेल्या दिवसांत तो उपसतोही दुप्पट. म्हणजे वाटणी हिस्सेरशीचीच झाली, फक्त हिस्सा ठरला मोटरीवरून. पिकाखालच्या क्षेत्रावरून ठरवला असता तर आकडे वेगळे आले असते. नदी आटली असताना लहान शेतकऱ्याचा खोडवा (तोडणीनंतर फुटलेला ऊस) जगवायचा असेल, तर पाळीचे दिवस मोजण्याआधी हे बोललं पाहिजे.

— ताई, तुमच्या मसुद्यात 'सरस-निरस मानाने' राहू द्या, पण पुढे गट नंबरनिहाय क्षेत्र, विहिरीच्या पाण्याची पाळी आणि वाटेचा हक्क स्पष्ट लिहून घ्या.