मदत हवी आहे : जुन्या स्पीडबोटीचा तळ आणि आतला सांगाडा नव्याने बांधायचाय (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार.

गोव्याकडून एक जुनी १८ फुटी फायबरची स्पीडबोट घेतलीय. सध्या शिरोलीत मित्राच्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी आहे. (रंकाळ्यात फिरवणार काय, हा विनोद घरी आणि कट्ट्यावर करून झालाय, तेवढा सोडून बोला. उतरवायची ती मालवणकडच्या खाडीत.)

बाहेरून रंग मारून झकपक केलेली आहे, आत लाकूड कुजलंय. मागची उभी भिंत, म्हणजे ज्यावर औटबोर्ड इंजिन टांगतात तो ट्रान्सम, नाण्याने ठोकत बघितला. वरच्या कडेला टणटण वाजतो, इंजिनाच्या बोल्टांपासून खाली आलं की भदभद. आतल्या बाजूने छोटं भोक पाडलं तर ड्रिलला भुसा नाहीच, काळपट ओला लगदा आला आणि मागोमाग पाण्याची बारीक धार. तळाला लांबीने बसवलेले चार स्ट्रिंगर आहेत, फायबरमध्ये गुंडाळलेले लाकडी वासे म्हणा; त्यातल्या मधल्या दोघांची तीच गत. डेकखालचा फोम पाणी पिऊन जड झालाय.

"भोकं पाडून आत रेझिन सोडा, डेक कशाला फोडताय" असा एक सल्ला मिळाला. मला पटला नाही. ओल्या, कुजक्या लाकडाला रेझिन धरणार तरी कशाच्या जोरावर? मागे ११५ एचपीचं इंजिन लोंबकळणार आणि लाटेवर बोट आपटली की सगळा दणका त्या भिंतीवर. उघडायची तर पूर्ण उघडायची, एवढं ठरलंय.

भीती आहे ती आकाराची. तळ डीप-व्ही आहे, म्हणजे इंग्रजी V सारखा खोल धारेचा; ट्रान्समपाशी त्याच्या बाजू आडव्यापासून अंदाजे २१ अंश वर चढतात. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत रे हंट यांच्या आरेखनाची 'मॉपी' ही बोट खवळलेल्या समुद्रात जिंकली, तेव्हापासून वेगवान बोटींना हा तळ रूढ झाला. त्याची सगळी करामत कोनात आणि मागच्या काही फुटांच्या सरळपणात आहे. स्ट्रिंगर काढल्यावर उरते ती नुसती पातळ साल. ट्रेलरच्या दोन-चार टेकूंवर ती झोळली आणि त्याच अवस्थेत नवे स्ट्रिंगर चिकटले, तर वाकडेपणा कायमचा. मागे खोलगट झाली तर नाक पाण्यात दाबणार आणि वेग खाणार. फुगीर झाली तर पळताना नाक सतत वर-खाली.

दुसरा घोळ रेझिनचा. उद्यमनगरात काय वाट्टेल ते लेथवर करून मिळतं, पण इथले फायबरवाले टाक्या आणि बंपर करणारे. पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (काचेच्या तुकडा-तंतूंची चटई), संपला विषय. जुन्या लॅमिनेटवर (फायबरच्या कडक थरांवर) आणि लाकडावर इपॉक्सी रेझिन जास्त चांगली धरते, म्हणून माझा कल तिकडे आहे. खर्च मात्र बराच वाढतो. लाकूड आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, १८ मिमीचे दोन थर चिकटवून ट्रान्सम करायचा विचार आहे.

तर ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सांगा : आधी ट्रान्सम की आधी स्ट्रिंगर? ट्रान्सम बाहेरून फोडावा की आतून? आणि पावसाळ्यात इपॉक्सीचं काम करावं, की सरळ दिवाळीनंतर?

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

दादा, आधी क्रेडल, म्हणजे बोट बसवायचा आधार. डेक शाबूत असतानाच तळाच्या आकाराचे प्लायचे साचे कापा, दर दोन-अडीच फुटांवर एक, आणि बोट त्यांवर बसवा. मगच डेक कापा. चारही स्ट्रिंगर एकदम काढू नका. एक काढा, घासा, नवा बसवा, पूर्ण कडक होऊ द्या, मग दुसरा. ट्रान्सम शेवटी, आतून. बाहेरची साल आणि जेलकोट (वरचा गुळगुळीत रंगीत थर) तसाच राहू दे, साच्याचं काम तीच करते.

प्लायची धार थेट तळावर टेकवू नका. तिथे ताण साठतो आणि साल तडकते. खाली जाड इपॉक्सी पुट्टीची गादी द्या, दोन्ही कोपरे गोलसर भरा, वर कापडाच्या पट्ट्या, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. टाकीवाल्यांची मॅट इपॉक्सीत वापरू नका; तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवानेच विरघळतो. शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांना तंतू असलेलं) कापड मागवा.

इंजिनाची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरा, ती सुकल्यावर त्यातून पुन्हा योग्य मापाची पाडा. पाणी तिथूनच शिरलेलं असतं. पावसाळ्यात फक्त फोडाफोड आणि वाळवणं. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट तवंग येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही.

धागाकर्ता

लई आभार! साचे कापायचं डोक्यातच नव्हतं, मी लोखंडी चॅनेलचं स्टँड करणार होतो. आता चॅनेलची फ्रेम आणि तिच्यावर प्लायचे साचे असं करतो. अजून एक सांगा : फोम काढल्यावर पुन्हा ओतावा, की बंद हवाबंद कप्पे करावेत? परत तो पाणी पिऊन बसला तर डेक पुन्हा फोडायची माझी तयारी नाही.