फौजदारी खटल्यासाठी वकील : तालुक्यातला धरावा की नावाजलेला बाहेरचा?

प्रभाकर (साखळी)

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका जत्रेत रात्री नाटक चालू असताना दोन गटांत मारामारी झाली. एकाचे डोके फुटले आणि पहाटे पोलिसांनी माझ्या आतेभावाच्या मुलाला घरातून नेले. हत्याराने गंभीर दुखापत केल्याचा, म्हणजे अजामीनपात्र, गुन्हा नोंद झाला. तो रविवार होता. घरात जमलेल्या आठ-दहा जणांचे एकच म्हणणे होते की पणजीतला मोठा वकील धरायचा, पैशांचे मग बघू. त्या वकिलांचा फोन दुपारपर्यंत लागला नाही, लागला तेव्हा त्यांच्या ज्युनियरने सोमवारी कागद घेऊन या असे सांगितले, आणि तोवर मुलाला सुट्टीच्या दिवशीच्या दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करून पोलीस कोठडी मिळवूनही झाली होती. त्याच्या बाजूने बोलायला आमच्यातर्फे तिथे कोणीही नव्हते.

सोमवारी आम्ही डिचोलीच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी एफआयआरची प्रत टेबलावर पसरली, घटनेची वेळ, नोंदीची वेळ आणि अटकेची वेळ या तिन्हींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या, आणि त्यांचा पहिला प्रश्न मारामारीबद्दल नव्हताच. "अटकेची कारणे लेखी दिली काय? कोणाच्या हाती दिली?" दुसरा प्रश्न होता जखमीच्या वैद्यकीय दाखल्याचा, कारण दुखापत गंभीर आहे असे डॉक्टरांनी लिहिण्याआधीच ते कलम लावले होते. सत्र न्यायालयातून अठराव्या दिवशी जामीन झाला.

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की फौजदारी प्रकरणात, ज्या न्यायालयात आरोपीला उभे करणार तिथे रोज उभा राहणारा वकील आधी धरावा. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे नेले पाहिजे, असे कायदा सांगतो. म्हणजे वकील शोधण्यासाठी घरच्यांच्या हाती तेवढाच वेळ असतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार पंधरा दिवसांची पोलीस कोठडी सलग घ्यावी लागत नाही. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ती तुकड्यातुकड्यांनी मागता येते, आणि अशी मागणी केव्हा येईल याचा नेम नसतो. अशा वेळी अर्ध्या तासात न्यायालयात पोचणारा माणूस हवा. आपले मत वेगळे असल्यास कारणासह लिहावे.

शैला (फोंडा)

प्रभाकरभाऊ, आपल्या घरावर आलेला प्रसंग मी समजू शकते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. माझा थोरला भाऊ एका पतसंस्थेत कारकून होता. अफरातफरीच्या प्रकरणात वरच्यांबरोबर त्यालाही आरोपी केले, तेव्हा आम्हीही जवळचा, ओळखीचा, हाकेच्या अंतरावरचा म्हणून आमच्याच भागातला वकील धरला. तो पहिल्या महिन्यापासून "थोडे पैसे भरून टाका, प्रकरण मिटवू" असे सांगत राहिला. आठ महिन्यांनी कळले की त्याच संस्थेचे कर्जवसुलीचे दावे तो वर्षानुवर्षे चालवत आला होता. आपला विरुद्ध पक्षाशी काही संबंध असल्यास तो प्रकरण हाती घेतानाच अशिलाला सांगणे हे बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांप्रमाणे वकिलाचे कर्तव्य आहे. आम्हाला ते सांगितले गेले नाही, आणि आम्हीही विचारले नाही, कारण ओळखीच्या माणसाला असे विचारणे आम्हाला अपमानाचे वाटले.

लहान तालुक्यात वकील, फौजदार, तक्रारदार आणि पंच हे एकाच लग्नाच्या पंगतीत बसतात. त्यातून काम सोपे होते हे खरे, पण ते नेमके कोणाचे सोपे होते हे आरोपीच्या घरच्यांना कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडचे कितीतरी वकील दिवसभर मुंडकारीचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) दावे, कुळांचे खटले आणि इन्व्हेंटरी (वारसांमधील मालमत्तेची वाटणी) यांतच गुंतलेले असतात. ते काम कमी प्रतीचे आहे असे मी म्हणत नाही, पण लेखापरीक्षकाची उलटतपासणी ही निराळी विद्या आहे. आमच्या पहिल्या वकिलाने लेखापरीक्षकाला चार प्रश्न विचारून बसकण मारली. पुढे धरलेल्या पणजीच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत व्हाउचरवरच्या सह्यांची नोंदवही मागितली आणि कोणत्या तारखांना भाऊ रजेवर होता ते महिन्यागणिक लिहून काढायला लावले. अंतराने जवळचा वकील धरायचा की विषयाने, हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो विषयानेच धरावा.

अनंत (वाळपई)

मी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो आहे, आणि माझे म्हणणे आपणा दोघांपेक्षा वेगळे आहे. प्रभाकर लिहितात की त्या रविवारी मुलाच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. तिथे एकच वाक्य उच्चारायला हवे होते : मला विधी सेवेचा वकील द्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोफत विधी साहाय्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चाच, म्हणजे जीविताच्या आणि वैयक्तिक स्वातंत्र्याच्या हक्काचाच, भाग ठरवला, त्यालाही आता चार दशके उलटली आहेत. १५१०० हा विधी सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे. तरीही घरचे लोक दागिने गहाण ठेवायला आधी धावतात, हे मी नोकरीच्या काळात इतक्या वेळा पाहिले आहे की आजही ते आठवले की जीव कळवळतो.

मोफत म्हणजे कमअस्सल, ही समजूत सोडली पाहिजे. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जिल्हा पातळीवर आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमण्याची पद्धत आणली असून त्या वकिलांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. रोज रिमांडलाच (कोठडीच्या सुनावणीलाच) उभे राहणाऱ्या अशा माणसाला दंडाधिकारी, पोलीस आणि कलमे यांची नित्याची सवय असते.

मनीषा (म्हापसा)

अनंतकाका, आपल्याबद्दल आदर ठेवून लिहिते. माझा दीर कोलवाळच्या तुरुंगात अकरा महिने होता. त्याला विधी सेवेतून वकील मिळाले, पण त्या काळात ते तीनदा बदलले आणि प्रत्येक नव्या वकिलाला सारे पहिल्यापासून सांगावे लागले. दोन वेळा तारखेच्या दिवशी सकाळी त्यांची-आमची पहिली भेट न्यायालयाच्या व्हरांड्यात झाली. त्या माणसांचा दोष नसेल, त्यांच्याकडे प्रकरणांचे ढीग होते. पण आतल्या माणसाला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी येऊन "तुझे प्रकरण इथवर आले आहे" असे सांगायला हवे, आणि तेच आम्हाला मिळाले नाही. शेवटी माझ्या सासूबाईंनी काजूची बाग गहाण टाकून खासगी वकील दिला. पहिल्या रिमांडला मोफत वकील जरूर घ्यावा, परंतु संपूर्ण खटला त्या भरवशावर सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही.

एक फौजदारी वकील (बार्देश)

मी या व्यवसायात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. वकिलाने आपली जाहिरात करू नये असा आमचा नियम आहे आणि तो मला पटतो.

त्याच नियमावरून पहिली गोष्ट सांगतो. "गोव्यातील सर्वोत्तम फौजदारी वकील" अशा शोधातून ज्या याद्या आणि तारे दिसतात, त्यांवर विसंबून कोणीही माणूस निवडू नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला काम मागता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देण्याची मुभा मिळाली. पैसे घेऊन वकील सुचवणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध कारवाई करावी, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बार कौन्सिलला बजावले आहे. त्यापेक्षा ई-कोर्टच्या सेवेत वकिलाचे नाव घालून त्याची प्रकरणे पाहता येतात, तिथे शोधावे. तो खरोखर फौजदारी खटले चालवतो की वर्षातून दोन जामीन अर्ज करतो, हे त्या यादीवरून पाच मिनिटांत समजते. त्याहून उत्तम म्हणजे ज्या न्यायालयात प्रकरण आहे तिथे एक सकाळ मागच्या बाकावर बसून ऐकावे. खुल्या न्यायालयात बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

पैशांबद्दल लोक संकोचतात, आणि तिथेच फसतात. रिमांड, जामीन, आरोपपत्रानंतरचा खटला आणि अपील ही वेगवेगळी कामे आहेत. ठरलेल्या रकमेत यांपैकी काय येते, तारखेला स्वतः वकील उभा राहणार की ज्युनियर, हे पहिल्याच दिवशी विचारून कागदावर घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. "सुटला तर इतके द्या" असा निकालावर बेतलेला सौदा आम्हाला निषिद्ध आहे. आणि जामीन नक्की करून देतो, वर बोलणे झाले आहे, असे जो सांगतो त्याच्या कार्यालयातून त्याच पावली परत फिरावे. तो वकील तुमच्याकडून स्वतःच्या कामाचे पैसे मागत नसून दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने मागत असतो.

शैलाताईंच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर एका साक्षीदाराने कोकणीत सांगितले, "ताणें ताका धुकललो", म्हणजे त्याने त्याला ढकलले. साक्ष इंग्रजीत उतरवली जात होती, आणि टंकलेखकाच्या पडद्यावर उमटले ते "असॉल्टेड". मी तिथल्या तिथे उठून हरकत घेतली, न्यायाधीशांनी साक्षीदाराला पुन्हा विचारले आणि शब्द बदलला. ढकलणे आणि हल्ला यांत किती अंतर आहे हे आरोपीला विचारा. त्या दिवशी मुंबईहून आलेला कितीही निष्णात वकील तिथे असता तरी तो शब्द त्याच्या कानावरून गेला असता. म्हणून स्थानिक म्हणजे नुसता अंतराने जवळचा नव्हे, साक्षीदाराची भाषा ज्याच्या कानात मुरलेली आहे तो.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बहुतेक गुन्ह्यांत पोलिसांनी उठसूट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने पक्के केले आहे. आता ती नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते. लोक ती कपाटात ठेवतात, किंवा घाबरून गावाबाहेर जातात, आणि न जाण्यामुळेच अटकेला कारण मिळते. वकिलाकडे यायची खरी वेळ ती नोटीस हाती पडते त्या दिवसाची आहे.

प्रभाकर (साखळी)

अनंतकाकांचे म्हणणे मला लागले, कारण ते खरे आहे. त्या रविवारी आम्हाला तो हक्क माहीत असता तर मुलगा एकटा उभा राहिला नसता. मात्र शैलाताई, आपल्या भावाच्या बाबतीत जे घडले तो स्थानिक वकिलाचा दोष नसून संबंध लपवणाऱ्या वकिलाचा दोष आहे, आणि असा माणूस पणजीतही भेटू शकतो. ज्युनियरला पाठवून दर तारखेला पुढची तारीख घेणारे मोठे नावही मी पाहिले आहे. विषयाचा जाणकार हवाच असेल तर तो उलटतपासणीला आणावा. रोजचे प्रकरण तालुक्यातल्या वकिलाकडे असावे, या मतावर मी कायम आहे.

शैला (फोंडा)

दोन वकील परवडणारी घरे किती आहेत, याचा आपण विचार करावा. आणि एकदा चुकीचा माणूस धरला की तो सोडणेही सोपे नसते, हेही इथे लिहून ठेवते. आमच्या पहिल्या वकिलाने फी बाकी आहे म्हणून फाईल दोन महिने अडवून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात असे कागद अडवण्याचा वकिलाला अधिकार नाही असे स्पष्ट सांगितले आहे, हे आम्हाला नव्या वकिलांनी दाखवले, तेव्हा लेखी मागणी केली आणि आठवड्यात फाईल मिळाली. त्या दोन महिन्यांत गेलेल्या दोन तारखा मात्र परत आल्या नाहीत. त्यांपैकी एका तारखेला पतसंस्थेचा रोखपाल साक्षीला आला होता आणि उलटतपासणीविनाच परत गेला. त्याला पुन्हा बोलावण्यासाठी आम्ही अर्ज केला आहे. त्यावरचा आदेश अजून व्हायचा आहे.